कंदुरी झाली, दुखणं राहिलं

हैदराबादच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडं वळवला आणि म्हणाल्या, "काका, हे बघा. काकूंना जे दुखतं ना, ते खरंच दुखतं. हृदयाचंच दुखणं आहे ते."

शेजारच्या खाटेवर माझी बायको चंद्रकला पडून होती. मनगटाला पट्टी बांधलेली. डोळ्यांतलं पाणी कानाकडं वाहत होतं. डॉक्टरीणबाईंना वाटलं, ती घाबरली. त्यांनी तिचा हात धरला. पण तिच्यासोबत एकतीस वर्षं संसार केलेल्या माणसाला एवढं तर कळतं, की ती घाबरून रडत नव्हती. आजार सापडला म्हणून आनंदानं रडणारं माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. आणि तिच्यावर ती वेळ आणणारा मीच होतो.

हे लिहितोय ते माझी चूक झाकायला नाही. ज्यांच्या घरातली बाई म्हणते छातीत दुखतं आणि फायलीत लिहिलेलं असतं नॉर्मल, त्यांच्यासाठी लिहितोय. त्यातही ती फाईल काखेत मारून पुढं पुढं चालणाऱ्या नवऱ्यांसाठी.

माझं गाव मानवतजवळ. घरची शेती आहे आणि मानवतच्या एका जिनिंगमध्ये मी ग्रेडर आहे. म्हणजे गाडीतून आलेल्या कापसात हात घालायचा, चिमूटभर घेऊन धागा ओढायचा, ओलावा बघायचा, कवडी, म्हणजे किडका-पिवळट कापूस, किती ते बघायचं आणि प्रत सांगायची. मी सांगितलेली प्रत सहसा कुणी बदलत नाही. त्या सवयीनं माणूस जरा चढून जातो. मला वाटायचं, खरं-खोटं मला बोटांनाच कळतं.

दुखणं सुरू झालं पोळ्याच्या आठवड्यात. पाण्याची घागर घेऊन ओट्याच्या पायऱ्या चढताना चंद्रकला मधेच बसली. छातीवर कुणी पाटा ठेवल्यासारखं वाटतंय म्हणाली. दहा-पंधरा मिनिटांनी उठली आणि कामाला लागली. मी म्हणालो, वांग्याचं भरीत बाधलं असेल. ओवा दिला.

मग जबडा दुखायला लागला. डाव्या बाजूला, खाली. मानवतला दाताच्या डॉक्टरकडं नेलं. एक दाढ किडलेली होतीच, ती त्यांनी काढली. दाढ गेली, पण जबडा दुखायचा थांबला नाही. आता हसू येतं, पण तेव्हा आम्ही दोघं त्या दाढेच्या जागेला महिनाभर हळदीच्या गुळण्या करत बसलो होतो. करायची ती, सांगायचो मी.

हे मुद्दाम सांगतो. हृदयाचं दुखणं दर वेळी डाव्या छातीत कळ येऊन माणूस कोसळतो असं येत नाही. बायकांमध्ये तर जबड्यात, पाठीत, गळ्याशी, धाप लागल्यासारखं, नुसता थकवा असंही येतं. हे मला फार उशिरा कळलं.

दसऱ्याच्या आधी एकदा भाकरी थापतानाच तिला घाम फुटला. तेव्हा मात्र परभणीला नेलं. ईसीजी काढला, म्हणजे हृदयाच्या विजेचा आलेख. त्यात थोडा फरक दिसला. मग टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. ती चांगली आली. मग टीएमटी, म्हणजे चालत्या पट्ट्यावर चालवून आलेख काढतात. लुगडं सावरत ती चार मिनिटं चालली आणि पट्टा थांबवावा लागला. डॉक्टर म्हणाले, "अँजिओग्राफी करून टाकू." म्हणजे हातातल्या शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत नेऊन, औषध सोडून, मोठ्या रक्तवाहिन्यांत कुठं अडथळा आहे का ते बघायचं.

त्या दिवशी माझी माय बाहेरच्या बाकड्यावर बसून होती. मायचं वय पंच्याहत्तरच्या पुढं. आमच्या गावाच्या शिवेला पिराचा दर्गा आहे. गावातली सगळ्या जातींची घरं तिथं नवस बोलतात. मायनं पदर पसरला आणि बोलून टाकलं, "माज्या सुनंचं काळीज धड निघू दे बाबा, तुजी कंदुरी करते."

तासाभरानं डॉक्टर बाहेर आले. "एकदम क्लीन. कुठंही ब्लॉक नाही. अ‍ॅसिडिटीचं बघा आणि टेन्शन घेऊ देऊ नका."

मी डॉक्टरांच्या पाया पडायचाच काय तो बाकी राहिलो. माय रडली. आणि पंधरा दिवसांत आम्ही कंदुरी केली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. कंदुरी म्हणजे पिराला बोललेला बकरा. दर्ग्याचा मुजावर फातेहा पढतो, मलिद्याचा निवद दाखवतात, आणि दर्ग्यासमोरच चुलवणावर मटण शिजवून गावाला जेवू घालतात. नवस पुरा झाला, संकट टळलं, असं सगळ्यांसमोर सांगायची ती रीत. एकदा कंदुरी झाली की तो विषय मिटला. दुखणं गावाच्या साक्षीनं संपलं.

आमची चूक इथं झाली. आम्ही कंदुरी केली ती कागद बघून. ती ठरवताना बाईला कुणी विचारलंच नाही की, बाई, तुला आता कसं वाटायलंय.

त्या दिवशी पंगतीत जो तो तिला विचारत होता, "आता बरी हाय न्हवं?" ती वाढता वाढता म्हणत होती, "बरी हाय की." दुसरं काय म्हणणार? लोकांच्या ताटात तिच्या बरं होण्याचंच मटण होतं. तिनं मला नंतर सांगितलं, पाण्याचा हंडा उचलताना त्याच दिवशी तिच्या छातीत दुखून आलं होतं. ती चुलवणामागं जाऊन धुराचं निमित्त करून बसली आणि डोळे पुसत परत आली.

तिथून पुढं साडेतीन महिने ती दुखणं लपवत राहिली आणि मला पत्ता नाही. पत्ता नाही म्हणणं पण खोटंच आहे. दोनदा ती बोलली होती. एकदा मी फाईल काढून तिच्यापुढं आपटली. "वाच. काय लिहिलंय? नॉर्मल." दुसऱ्यांदा मी टीव्हीचा आवाज वाढवला.

पौषात कापसाची दुसरी वेचणी चालू होती. आमच्याकडं बायका वारंगुळ्यानं वेचतात. आज हिच्या शेतात, उद्या तिच्या, पाळीपाळीनं. प्रत्येकीनं आपली पात, म्हणजे आपल्या वाट्याची ओळ, धरायची आणि सगळ्यांनी बरोबर पुढं सरकायचं. मागं राहिली तिला बाकीच्या चिडवतात. त्या दिवशी जिनिंग बंद होतं म्हणून मी डबा घेऊन शेतात गेलो. बघतो तर आठ बायकांच्या आठ पाती बरोबरीनं चालल्यात, आणि बायका सातच. चंद्रकला मागं धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पाय पोटाशी घेऊन बसलेली.

मी विचारलं, "हिला काय झालं?"

तिच्या शेजारच्या पातीवर गोदाबाई होत्या. आमच्या भावकीतल्या, तोंडानं फटकळ. त्या कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "आवो, तुमाला ठावंच न्हाई व्हय? कंदुरी झाल्यापासून हिची पात आमीच वेचायलोय. येक झाड मी वेचती, येक पलीकडची वेचती. सकाळच्या गारठ्यात तर हिला लयच येतं. तुमी कापसाची परत सांगता, घरच्या बाईची सांगता येईना का?"

मला लाज वाटायला हवी होती. मला राग आला. सात बायकांना माहीत आणि मला नाही, याचा राग. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "रिपोर्ट नॉर्मल हाय. दुखत कायी न्हाई, नाटक हाय नुसतं."

हे वाक्य मी लिहून ठेवतोय, कारण ते माझ्या तोंडून गेलं होतं. चंद्रकला उठली. कापसाची ओटी सावरली आणि वेचायला लागली. गोदाबाईंनी माझ्याकडं पाठ केली.

संक्रांतीला आमची मुलगी रेखा सोनपेठहून आली होती. हळदी-कुंकवाला बायका जमल्या होत्या. वाण देता देता चंद्रकला उंबऱ्यात बसली, ती उठेचना. ओठ पांढरे, कपाळावर घाम. या वेळी पंधरा मिनिटांत गेलं नाही, पाऊण तास राहिलं. रेखानं आईचं डोकं मांडीवर घेतलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "बाबा, तुमी नेनार असाल तर न्या. न्हाई तर मी एसटीत घालून नेते."

नेलं. परभणीला आधीचे डॉक्टर बाहेरगावी होते, म्हणून एका म्हाताऱ्या फिजिशियनकडं गेलो. छोटा दवाखाना, बाहेर लाकडी बाकडी, भिंतीवर जुनं कॅलेंडर. आत गेल्यावर त्यांनी तिला विचारलं, "काय होतं, बाई?" मी सांगायला लागलो. गॅसेस, जागरण, हिचा स्वभाव जरा हळवा आहे. त्यांनी परत तिलाच विचारलं, "कधी होतं?" मी परत उत्तर दिलं. तिसऱ्यांदा त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "दुखतं कुणाला?" मी हिच्याकडं बोट केलं. "मग तुम्ही जरा बाहेर बसा."

मी बाहेर बसलो. अर्धा तास. आत एवढा वेळ बोलण्यासारखं तिच्याकडं काय असेल, असा विचार करत होतो. आधीच्या प्रत्येक दवाखान्यात मीच बोललो होतो, हे तेव्हा ध्यानात आलं. तिला विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर मी दिलं होतं आणि डॉक्टरांनी माझं दुखणं तपासलं होतं.

आत बोलावून ते म्हणाले, "यांचं दुखणं कामानं येतं, थंडीनं येतं, पहाटे येतं, बसल्यावर हळूहळू जातं. हा गॅस नाही. अँजिओग्राफी नॉर्मल म्हणजे हृदय नॉर्मल असं नसतं. मोठ्या वाहिन्या मोकळ्या आहेत, एवढंच त्यातून कळतं. बारक्यांचं काय, ते बघायची तपासणी वेगळी आहे. आपल्याकडं होत नाही. माझी एक विद्यार्थिनी हैदराबादला आहे, तिला चिठ्ठी देतो."

चिठ्ठी घेतली. मी कधी कुणाच्या पाया पडत नाही, त्यांच्या पडलो.

हैदराबादच्या डॉक्टरीणबाई मूळच्या नांदेडकडच्या, त्यामुळं आपल्या भाषेत सांगणाऱ्या. त्यांनी कागदावर चित्र काढलं. "जायकवाडीचा कालवा बघितलाय ना? अँजिओग्राफीत कालवा दिसतो. पण पिकाला पाणी कालव्यातून जात नाही, शेतातल्या चाऱ्यांतून जातं. हृदयात अशा हजारो बारीक चाऱ्या आहेत. त्या फोटोत येतच नाहीत."

पुढं त्या म्हणाल्या ते मी जमेल तसं सांगतो. प्रत्येक रक्तवाहिनीला आतून एक पातळ अस्तर असतं. त्याला एंडोथेलियम म्हणतात. ब्लाउजच्या अस्तरासारखं ते नुसतं लावलेलं नसतं, ते काम करतं. आपण चाललो, ओझं उचललं की हृदयाला जास्त रक्त लागतं. तेव्हा हे अस्तर वाहिनीला रुंद व्हायला सांगतं. अस्तर बिघडलं की वाहिनी रुंद होत नाही, कधी कधी उलट आवळते. हृदयाला रक्त कमी पडतं आणि छातीत दुखतं. याला एंडोथेलियल डिसफंक्शन म्हणतात, आणि त्यातून येणाऱ्या या दुखण्याला मायक्रोव्हॅस्क्युलर अँजायना. बीपी, साखर, तंबाखू यांनी अस्तर खराब होतं. पाळी गेल्यावर बायकांना हे जास्त होतं.

तपासणी अँजिओग्राफीसारखीच, पण नळीतून असिटिलकोलीन नावाचं औषध थोडं थोडं सोडतात. अस्तर धड असेल तर या औषधानं वाहिनी सैल होते. बिघडलेलं असेल तर आवळते आणि तेच दुखणं परत येतं. म्हणजे मुद्दाम दुखवून बघायचं. पेशंट जागी असते. धोका थोडा असतो, तो त्यांनी सगळा समजावून सांगितला आणि सही तिचीच घेतली, माझी नंतर.

मी बाहेर होतो. आतलं मला डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. औषध सोडल्यावर मिनिटभरात ईसीजीची रेघ खाली गेली. त्यांनी विचारलं, "काकू, काही होतंय का?" आणि ही मोठ्यानं म्हणाली, "हेच! हेच दुखनं! बाई, बगा, हेच हाय ते!" दुखतंय आणि बाई खुशीनं ओरडतेय. आतल्या सिस्टरसुद्धा क्षणभर थांबल्या म्हणे. लगेच दुसरं औषध सोडलं, वाहिन्या सैल झाल्या, दुखणं उतरलं.

पडद्यावर ती रेघ मी पाहिली. कंदुरीच्या दिवशी, वेचणीच्या दिवशी, संक्रांतीच्या दिवशी अशीच रेघ तिच्या आत खाली गेली असणार. आणि मी फाईल आपटत होतो.

परत येताना रेल्वेत ती खिडकीशी बसली होती. मी विचारलं, "मायच्या नवसापायी लपवलंस ना? तिला वाईट वाटंल म्हणून?"

तिनं खिडकीची काच खाली ओढली. मग म्हणाली, "मायमुळं न्हाई. माय तर रोज विचारायची, मी तिला खरं सांगायचे. ती पाय चोळून द्यायची. तुमच्यामुळं लपवलं. तुमाला दुखनं न्हाई, कागद पायजे व्हता."

म्हणजे घरात मी सोडून सगळ्यांना माहीत होतं. मी वर्तमानपत्र तोंडापुढं धरलं आणि नांदेडपर्यंत तसाच बसून राहिलो. नंतर तिनंच डब्यातली धपाटी काढली आणि माझ्या हातात दिली. मी म्हणालो, "मी तुला खोटं ठरवलं, माझं चुकलं." ती म्हणाली, "खावा आता."

घरी आल्यावर मायला म्हणालो, आपण कंदुरी उगीच केली. माय म्हणाली, "कंदुरीनं कुनाचं काय बिगाडलं? गाव जेवलं, पिरानं काळीज धड ठिवलं. मी काळजाचं मागितलं व्हतं, दुखन्याचं इचारायचं काम तुज्याकडं व्हतं."

आता उपचाराबद्दल, कारण वाचणाऱ्याला तेच हवं असतं. हा आजार एका ऑपरेशननं जाणारा नाही, कारण काढून टाकायला अडथळाच नसतो. वाहिन्या सैल ठेवणारी गोळी, कोलेस्टेरॉलची गोळी, बीपीची गोळी अशा तीन चालू आहेत. दुखलंच तर जिभेखाली मारायचा फवारा. तो मारताना बसून राहायचं, कारण चक्कर येते. रोज सकाळी उन्हं आल्यावर चालणं, गारठ्यात नाही. आणि मिश्री बंद. हे सगळ्यांत अवघड गेलं. पंचवीस वर्षं सासू-सुना परसात बसून मिश्री लावायच्या, तेवढाच त्यांचा निवांत वेळ. तंबाखूनं अस्तर जळतं म्हटल्यावर मायनं आपलीही डबी उकिरड्यावर फेकली. आता दोघी नुसत्याच बसतात. गोळ्या प्रत्येकाच्या वेगळ्या असतात, आमच्या बघून घेऊ नका. पण नॉर्मल रिपोर्टानंतरही दुखत असेल तर "बारीक रक्तवाहिन्यांचं काही असेल का?" एवढा प्रश्न डॉक्टरांना विचाराच. आणि तो ज्याला दुखतं त्याला विचारू द्या.

वेचणी संपायच्या आधी एक दिवस मी वारंगुळ्याच्या बायकांसमोर जाऊन सांगितलं की ही खरी होती, मी खोटा होतो. गोदाबाई म्हणाल्या, "आमाला काय सांगायलाव, आमाला पैलेच ठावं व्हतं." बाकीच्या हसल्या. मला बरं वाटलं. त्या परभणीच्या म्हाताऱ्या डॉक्टरांचे आणि हैदराबादच्या डॉक्टरीणबाईंचे उपकार आमच्यावर आहेत. पण त्यांच्या आधी या सात बायकांचे आहेत. यंत्र, सुई, काही नसताना त्यांनी तिच्या शब्दावर विश्वास ठेवला.

दुखणं पूर्ण गेलेलं नाही. आधी दिवसाआड यायचं, आता महिन्यातून दोन-तीनदा येतं. आम्ही त्याच्यासोबत राहायला शिकतोय.

मागच्या महिन्यात मी जिनिंगमध्ये होतो. चार गाड्या उभ्या, मशिनचा आवाज. फोन वाजला. चंद्रकलाचा. ती मला कामावर कधी फोन करत नाही. मी धावत बाहेर आलो.

"दुखायलंय," ती म्हणाली.

"निघतो मी. फवारा मारला का? माय हाय का जवळ?"

"मारलाय. माय हाय. तुमी येऊ नका, थोडंच हाय. नुसतं सांगायलेय."

मी भिंतीला टेकून उभा राहिलो. आतून मापारी हाका मारत होता, गाड्यावाले ओरडत होते. मी फोन ठेवला नाही, तिनंही ठेवला नाही. तिचा श्वास ऐकू येत होता. पाच-सहा मिनिटांनी ती म्हणाली, "गेलं बगा."